वारं न आलेला मंगळवार

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी, आमच्या तोरण्याखालच्या गावात, माझ्या अंगात पहिल्यांदा देवीचं वारं आलं. ते कसं आलं हे मला धड सांगता येत नाही. ढोल वाजत होता एवढं आठवतं, आणि मग एकदम सासूबाई माझ्या पायांवर हळदीचं पाणी घालताना दिसल्या. एरवी त्यांच्यापुढे ब्र काढायची माझी छाती नव्हती. दर मंगळवारी वारं आलं की मात्र त्या माझ्या पाया पडत आणि मी म्हणे त्यांनाही अगंतुगं करायची, दुखणाइतांना अंगारा लावायची. काही बरेही होत. दुसऱ्या दिवशी मी आपली पुन्हा शेण थापायला. हे सगळं खरं की काय, मला कळत नसे.

पुढे माझी दोन वर्षांची लेक हिवतापानं पडली. आठ दिवस झाले, अंगाऱ्यानं उतार पडेना. भोरच्या दवाखान्याचं मी नवऱ्याकडे काढलं, तर सासूबाई म्हणाल्या, "देवीला इचारल्याबिगर न्हाई."

विचारायचं ते माझ्याच तोंडून! मंगळवारी सकाळी मला मळवट भरून बसवलं. ढोल वाजला, ऊद जाळला. वारं काही येईना. समोर लेकीचे ओठ सुकलेले. मनात देवीला हाका मारून मारून थकले. शेवटी मीच केस सोडले, घुमू लागले आणि ओरडले, "भोरला ने हिला! आत्ताच्या आत्ता!"

सासूबाई पाया पडल्या. नवऱ्यानं गाडी जुंपली. वाटभर माझी पाचावर धारण बसलेली. देवीच्या नावानं खोटं बोलले, आता ती लेकीला नेणार, हेच मनात.

भोरच्या डॉक्टरनं दिलेल्या कोयनेलच्या गोळ्यांनी ताप उतरला. परत आल्यावरही मला अन्न गोड लागेना. एका दुपारी भात सडताना सासूबाईंना सांगून टाकलं, "त्या दिवशी वारं आलंच नव्हतं. मीच बोलले."

त्यांनी मुसळ थांबवलं नाही. "ठावं हाय मला. वारं आलेली बाई लेकराकडं बगत न्हाई. तुजी नजर पोरीवरनं हलली न्हाई."

"मग तुम्ही पाया का पडलात?"

"मी पडल्याबिगर तुज्या नवऱ्यानं गाडी जुपली असती व्हय?"

मग आधीच्या सगळ्या मंगळवारी त्या कुणाच्या पाया पडत होत्या, हे विचारायचा मला धीर झाला नाही.