अकोटच्या जिनातला सवाल-जवाब

आजची पोरं ज्याला रॅप बॅटल म्हणतात, तसलं काही आमच्या वऱ्हाडात पूर्वी नव्हतं असं कुणी म्हटलं, की मला अकोटची ती फेरी आठवते. एकसष्ट-बासष्ट साल असेल. मी अमरावतीला कचेरीत नवा कारकून होतो. थोरले भाऊ शाहीर, कलगीवाले. अकोटचे वामनबुवा समोरच्या फडाचे, तुरेवाले; मोठे शेतकरी, पण भाऊंचे जुने दोस्त. त्यांचं कार्ड आलं: कापूस हंगामात जिनाच्या, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याच्या, आवारात सामना आहे, ये.

छप्पन साली आम्ही बौद्ध झालो, तेव्हापासून भाऊ असल्या सामन्यांना गेले नव्हते. आमच्या बापाच्या डफावर वस्तीत भीमगीतं म्हणत. "नवे सवाल त्यायलेबी आयकू दे," म्हणाले आणि निघालो.

परतवाडा, अंजनगाव, अकोट असा एस.टी.चा रस्ता. आता दोन-अडीच तासांत होतो, तेव्हा अर्धा दिवस मोडला. अंजनगावला गाडी थांबली की विड्याचं पान घ्यावं, तिथल्या पानमळ्यांचं नाव उगाच नाही. खिडकीजवळ बसलेल्याने तोंडाला उपरणं बांधावं; मी बांधलं नाही, आणि अकोटला उतरलो तो काळ्या मातीचा माणूस होऊन. स्टँडासमोर भाकर, तुरीच्या सोल्यांची भाजी आणि ठेचा खाल्ला. ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं तसा वाढणारा म्हणाला, "अमरावतीचे दिसता!"

कापसाच्या गाड्या मोजणीसाठी दिवसभर ताटकळत. गाडीवानांसाठी भर दुपारी आवारातच मंडप घातला होता. रिवाज सोपा: एकाने गाण्यात सवाल टाकायचा, दुसऱ्याने तिथल्या तिथे गाण्यातच जवाब जोडायचा. जवाब नाही आला, तर आपला डफ समोरच्याच्या पायाशी ठेवायचा. तो त्याचा झाला.

बुवांनी पहिला सवाल टाकला: गंगा शंकराच्या जटेत उतरली, तेव्हा चंद्र कुठे होता? मी सुटकेचा श्वास सोडला. याचं उत्तर भाऊंनीच माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं.

भाऊ उभे राहिले. "बुवा, जवाब मले येते. पन त्या गोष्टी मी सोडल्या. त्यायच्या भरवशावर मले जिकाचं नाही."

"देत नाही म्हंजे हारला! डफ ठेव! डफ ठेव!" मंडप ओरडला.

भाऊंनी डफ ठेवला. बुवा कावरेबावरे झाले. "अरे, तुह्या बापाचा हाय तो."

"रिवाज हाय. घ्या."

मग भाऊंनी चहाच्या दुकानातला तेलाचा रिकामा डबा आणला, बोटांनी ठेका धरला आणि आपला सवाल टाकला:

"हात लागता बाटते पानी, विहीर सांगा कोनाची?
आभायातून पडलं तवा जात कोनती ढगाची?"

बुवांनी डफावर दोनदा थाप मारली. साथीदार तुणतुणं छेडत राहिला. जवाब आला नाही.

आता कुणी ओरडलं नाही. एक जण बैल पाहायला उठला, त्याच्यामागे दहा उठले. मंडप रिकामा झाला. दोन्ही डफ बुवांसमोर तसेच होते.

सकाळी बुवा स्टँडवर आले, बापाचा डफ फडक्यात बांधून. "घेऊन जाय, लेका. मले झोप नाही लागली."

"आता नाही. सवालाचा जवाब सापडला की दोन्ही सोबत घेऊन या," भाऊ म्हणाले आणि अकोल्याच्या गाडीत बसले.

परतताना आम्ही अकोल्याहून रेल्वेने बडनेऱ्याला आलो. हा मार्ग जास्त आरामाचा, सामान असेल तर हाच धरावा. भाऊ सारा वेळ खिडकीबाहेर बघत होते. घरी वहिनीने त्यांचे रिकामे हात पाहिले.

"हारले का तुमी?"

"हो."

"जवाब येत नोता?"

"येत होता."

तिने पाण्याचा तांब्या पुढे केला. "मंग हात धुवा. वाढते."

बुवा पुढे कधी आले नाहीत. पुष्कळ वर्षं मी त्यांना आणि त्या गाडीवानांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. वय झाल्यावर तेही जमेनासं झालं. भाऊंचा सवाल संपला, तेव्हा "बुवा, आता तुमचा डफ ठेवा" एवढंच कुणीतरी म्हणायला हवं होतं. मी पुढच्याच रांगेत बसलो होतो. शर्टाला इस्त्री होती, नोकरी नवी होती. मी गप्प राहिलो.