सामानाजवळ कोण बसणार?

आमच्या घरात हा प्रश्न कुणी विचारत नाही, कारण उत्तर ठरलेलं असतं. देवळाबाहेर चपलांपाशी कोण थांबणार, लग्नाच्या हॉलमध्ये बॅगांवर लक्ष कोण ठेवणार, वॉटर पार्कात सगळ्यांचे मोबाइल कोण धरणार? मी. "तू आहेस ना," एवढं म्हटलं की बाकीची मंडळी मोकळी. हे शब्द ऐकले की माझ्या अंगाचा तिळपापड होतो, पण तोंडातून निघतं, "हो, आहे."

तर पन्नाशी उलटल्यावर मी पोहायला शिकले. आम्ही राहतो नवी मुंबईत, सीवूड्सला. गॅलरीतून दिसते ती खाडी, चिखल आणि थंडीत फ्लेमिंगो. पाण्यात पाय बुडवायचीसुद्धा सोय नाही. मुलगा आणि सून जर्मनीत असतात. मुलानं बाबांच्या निवृत्तीनिमित्त सगळ्यांसाठी तुर्कस्तानची सहल ठरवली आणि फोनवर म्हणाला, "आई, एक आख्खा दिवस बोट बुक केलीय, फक्त आपली. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, वाटेल तिथे थांबायचं, समुद्रात पोहायचं." त्याच आठवड्यात मी सोसायटीच्या पूलवर लेडीज बॅचला नाव घातलं. नाकातोंडात पाणी गेलं, क्लोरिननं डोळे लाल झाले, मुलींच्या वयाच्या बायका "काकू, रिलॅक्स" म्हणून हसल्या. पण मी सोडलं नाही. मला एकच हवं होतं. पाय टेकणार नाहीत अशा पाण्यात, कुणाचा हात न धरता, एकदा पोहायचं. भूमध्य समुद्रात.

त्या सकाळी मी पंजाबी ड्रेसच्या आत कॉस्च्युम घालूनच हॉटेलमधून निघाले. दारातच यांनी एक काळा पाऊच माझ्यापुढे धरला. त्यात पाचही जणांचे पासपोर्ट.

"अहो, हॉटेलवर तिजोरी आहे."

"परका मुलूख आहे. बांध कमरेला."

ड्रेसच्या आत, कॉस्च्युमवरच बांधला. इथेच माझा दिवस फिरला, पण तेव्हा मला ते कळलं नाही.

बोट लाकडी होती, सुबक. कप्तान एकटाच, मोठ्या मिशांचा, हसऱ्या डोळ्यांचा. त्याला आमची भाषा येत नव्हती आणि आम्हाला त्याची. पण चढल्याचढल्या त्यानं सगळ्यांना चहा दिला. सासूबाईंना हाताला धरून सावलीतल्या बाकावर बसवलं. त्या साताऱ्याकडच्या. पातळावर स्वेटर आणि डोक्याला रुमाल अशा थाटात त्या बसल्या. डोंगर थेट पाण्यात उतरले होते आणि पाणी नीळ घातलेल्या बादलीसारखं होतं. खालचे दगड वरून मोजता आले असते.

डोंगरांमधल्या पहिल्या खाचेत, शांत पाण्यात बोट थांबली. मी ओढणी काढेपर्यंत मुलानं माझ्या हातात फोन ठेवला आणि धपकन उडी मारली. सूनबाईंनी कानातले काढले, "मम्मी, धरता?" आणि तीही गेली. यांनी लाइफ जॅकेट चढवलं, चष्मा, घड्याळ, गळ्यातली चेन असं एकेक माझ्या ओंजळीत घातलं.

"मीपण येतेय," मी म्हटलं.

"ये की. पण सामानाजवळ कोण? तू आहेस ना."

"अहो, भर समुद्रात कोण येणार चोरायला? मासे?"

यांनी आवाज खाली आणला. "कप्तान आहे ना. माणूस कसा असेल, काय सांगावं."

कप्तान बिचारा आमच्या जेवणासाठी टोमॅटो चिरत होता. मी ओंजळ भरून बाकावर बसले. खाली हे लाइफ जॅकेटमध्ये उताणे तरंगत होते आणि दर दोन मिनिटांनी ओरडत होते, "फोटो काढ!" काढले. मुलाची उडी, सुनेची उडी, यांचं पोट. आतला कॉस्च्युम घामानं अंगाला चिकटला होता. मला इतका संताप आला होता की चेन पाण्यात सोडून द्यावीशी वाटली.

दुसऱ्या खाचेत जेवण झालं. कप्तानानं शेगडीवर मासे भाजले, सासूबाईंनी घरून आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. जेवण झाल्यावर मी उठले तर हे म्हणाले, "भरल्या पोटी पाण्यात जाऊ नये." बरोबर. मी थांबले. पोट हलकं व्हायच्या वेळेला सासूबाईंना मळमळायला लागलं. मी त्यांच्या जिभेवर लिंबू पिळत होते तेव्हा मागे लागोपाठ तीन धपक झाले. म्हणजे भरल्या पोटाचा नियमही माझ्यापुरताच होता.

"आई, टेन्शन नको घेऊ, शेवटच्या स्पॉटला तू नक्की," मुलगा पाण्यातून म्हणाला.

शेवटच्या स्पॉटला पोचेपर्यंत वारा सुटला होता. कप्तानानं आकाशाकडे बोट दाखवलं, मग बोटांची चिमूट करून दाखवली. थोडाच वेळ. मी फोन, चष्मा, कानातले सगळं सुनेच्या बॅगेत कोंबलं आणि ड्रेसला हात घातला.

"आता कशाला?" हे टॉवेल गुंडाळून बसले होते. "केस ओले होतील. कपडे कुठे बदलणार? उगाच सगळ्यांना उशीर."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भांडायची ताकद नव्हती आणि वेळही नव्हता. मी ड्रेस काढून बाकावर टाकला आणि शिडी उतरले. पाण्यानं आधी गुडघे धरले, मग पोट. मी हात सोडला. पाय खाली गेले, कशालाच लागले नाहीत, आणि मी बुडाले नाही. एक हात, दुसरा हात. मीठ तोंडात गेलं. पूलपेक्षा सोपं होतं, पाणीच उचलत होतं. बोट मागे राहिली. मी हसत होते, एकटीच.

मागून आरडाओरडा ऐकू आला. वाटलं, कौतुक चाललंय. मी वळले. तिघंही कठड्यावर वाकून हात हलवत होते.

"आई, पाऊच!"

"मम्मी, पासपोर्ट!"

"अगं, वर कर तो! वर कर!"

कमरेला हात लावला. सकाळपासून इतका अंगावर होता की तो वेगळा काही आहे हे मी विसरूनच गेले होते. परत शिडीपाशी आले, पट्टा सोडला, पाऊच वर दिला. तो हातात पडताच तिघं डेकवर गुडघे टेकून बसले, पासपोर्ट उघडून पसरू लागले, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून त्यांवर चपला ठेवू लागले. मी शिडीला धरून खाली पाण्यातच होते. मी पोहले होते. कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्यांच्या पाठी माझ्याकडे होत्या.

तेवढ्यात वरून आवाज आला, "पाणी गार हाय का गं?"

सासूबाई बाकावरून उठून कठड्याला धरत शिडीपर्यंत आल्या होत्या.

"नाही आई. कोमट आहे."

"आमच्या विहिरीचं लई गार असायचं. पाठीला भोपळा बांधून पवायचो आम्ही पोरी. मग भोपळ्याबिगर."

लग्न होऊन इतकी वर्षं झाली, पण त्यांना पोहता येतं हे मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "आणि मग?"

"मग काय? लगीन झालं. पोरं पवायची, मी कापडं सांभाळत काठावर बसायची."

"आई, इकडे ये, हा एक जरा धर," पासपोर्ट फडकवत हे म्हणाले.

"तूच बस तिथं," त्या म्हणाल्या.

पातळ गुडघ्यापर्यंत वर घेऊन त्या शिडीच्या तोंडाशी बसल्या, पाय खाली सोडून. तळवे पाण्याला लागले तसे त्यांनी डोळे मिटले, मग उघडले आणि मला म्हणाल्या, "जा, पव. मी बघती."

कप्तान भोंगा वाजवेपर्यंत मी पोहले. दर वळणाला बघत होते, त्या तिथेच होत्या. सामानाकडे त्यांची पाठ होती.