पापुद्रेकाकांचा चिमटा

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पापुद्रेकाका म्हणत. कामच तसं होतं. पेन्सिलीत असतो त्या ग्राफाइटचा तुकडा चिकटपट्टीवर दाबायचा, पट्टी दुमडायची, सोलायची, की पुन्हा दुमडायची. एका अणूइतका पातळ पापुद्रा उरेस्तोवर. त्याला ग्राफीन म्हणतात. तेवीस वर्षं काका हेच सोलत होते. बायको जाऊन चार वर्षं झाली. घरचं घड्याळ बंद पडलं, तर सेलही घातला नाही. वेळ विचारणार कोण?

हे ग्राफीन चुंबकाला मुळीच भीक घालत नाही. पण चुंबकी स्फटिकावर नेऊन ठेवलं, तर शेजाऱ्याचा गुण लागावा तसं थोडं चुंबक होतं म्हणे. तसं झालं तर इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर चालणारी यंत्रं करता येतील, असं तिथल्या मुख्य बाईंच्या मनात होतं.

त्या मंगळवारी यंत्रावरच्या आलेखाला चांगला घसघशीत बाक आला, म्हणजे चुंबकपणाची खूणच.

"काका, जमलं हो! बसा इथं," म्हणत बाईंनी खुर्ची ओढली, चहा दिला. "उद्या शोधनिबंध पाठवते. तुमचंही नाव घालणार!"

चार वर्षांत काकांसाठी कोणी खुर्ची ओढली नव्हती. सगळी मंडळी भोवती जमली, तासभर हसणं-खिदळणं झालं. मग रुमालासाठी त्यांनी खिशात हात घातला, आणि हाताला चिमटा लागला.

सोमवारी प्लास्टिकचा चिमटा मोडला, म्हणून त्यांनी घरून बायकोचा पोलादी आणला होता, आणि हा पापुद्रा त्यानंच उचलला होता. त्यानं ती त्यांच्या कानातले केस उपटायची आणि वर बडबडायची. त्याचा लोखंडी कण पापुद्र्यावर पडला असेल, तर बाक त्या कणाचाच.

गप्प बसले असते, तर उद्याही खुर्ची होती. काकांनी चहा खाली ठेवला.

"बाई, निबंध थांबवा." त्यांनी चिमटा दाखवला.

"पोलादाचा? अहो, लोखंड आत आणायचं नाही, हे मला शिकवलंत कोणी?"

"मीच. पण हातात बसतो हो हा."

बाई उठून आपल्या खोलीत गेल्या. खुर्च्या एकेक करून रिकाम्या झाल्या.

नव्या प्लास्टिकच्या चिमट्यानं काकांनी अकरा दिवस पुन्हा सोललं. बाराव्या दिवशी भर दुपारी बाक आला. इवलासा, पण होता. तीनदा मोजला, तीनदा आला. सगळी मंडळी जेवायला गेलेली.

काका दाराबाहेर आले, आपलं कपाट उघडलं, चिमटा हातात घेतला.

"आलाय गं. थोडासाच आहे, पण आपला आहे."

मग तो जागच्या जागी ठेवून कुलूप लावलं, आणि बाईंची वाट पाहत यंत्रापुढं उभे राहिले. या खेपेला खुर्ची त्यांनी बाईंसाठी ओढून ठेवली होती.