ऑक्टोबर होऊ दे

ऑगस्टमध्ये गाडीचं स्टिअरिंग फडक्याशिवाय धरवत नसे, आणि आमच्या ऑफिसातला एक माणूस नेमका त्याच दिवसांत टोमॅटोचं बी पेरायला बसे. दुबईच्या जुमेरा लेक टॉवर्समधल्या आमच्या मजल्यावर खिडक्या उघडण्याची सोयच नव्हती. काचेला लागून एक लांब कट्टा होता. इतर कंपन्यांत तिथे फायली ठेवत, आमच्याकडे चहाचे कागदी कप ओळीनं मांडलेले असत. प्रत्येक कपाच्या बुडाला भोक, आत काळी माती आणि बाहेर निळ्या स्केचपेननं लिहिलेलं एकेकाचं नाव. नोकरीच्या पहिल्या दिवशी मी त्या ओळीतला एक कप उचलला आणि चहाचं मशीन शोधायला निघाले.

"त्यात चहा नको घेऊस बाय, मिरची आहे ती," मागून कोणीतरी म्हणालं.

हे इनास डाबरे. पन्नाशी उलटलेले, ठेंगणे, इस्त्रीच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले. मूळचे वसईचे. घरची भाजीची वाडी भावांकडे सोपवून पंधरा-वीस वर्षांपूर्वी ते दुबईला आले. आमच्या कन्सल्टन्सीत ते अ‍ॅडमिन आणि एचआर सांभाळत. व्हिसा, इन्शुरन्स, रजा, सगळं त्यांच्या टेबलावरून जाई. बायको रेजिनाकाकू वसईला, आणि हे शारजात तिघांत मिळून एका खोलीत. त्या खोलीला खिडकी नव्हती, म्हणून पेरणी ऑफिसात. सगळे त्यांना डाबरेकाका म्हणत, अगदी आमचा लेबनीज बॉससुद्धा, आणि त्याला वाटे की काका हे त्यांचं आडनाव आहे.

गावाकडे पावसाचा अंदाज घेऊन रोपं करतात. इथे सगळं उलटं. बाहेरचं ऊन उतरेपर्यंत रोपं एसीत वाढवायची आणि ऑक्टोबरात बाहेर काढायची. तेवढ्या काळात काकांना कोणी काही विचारलं, पगारवाढीचं, बदलीचं, अगदी लग्न जमण्याचंसुद्धा, तरी उत्तर एकच. "ऑक्टोबर होऊ दे." त्यात त्यांना कसलाही गूढ अर्थ अभिप्रेत नसे. त्या आधी या देशात काही बरं होत नाही, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

सप्टेंबर लागला की ते सगळे कप एका ट्रेमध्ये भरत आणि लिफ्टनं खाली नेत. सुटाबुटातली माणसं अंग चोरून उभी राहत. टॉवरच्या मागे, जिथे सामानाच्या गाड्या लागत, तिथे सावलीच्या कडेला ट्रे ठेवून काका शेजारी उभे राहत. पहिल्या दिवशी पाच मिनिटं, मग रोज थोडं जास्त. मी एकदा म्हटलं, "काका, ऑक्टोबरात एकदमच काढा ना, कशाला एवढी यातायात?" ते माझ्याकडे असे बघत राहिले, जसं काही मी लहान मुलाला उन्हात फेकायला सांगितलं होतं. "एसीतलं रोप आहे ते. एकदम बाहेर काढलं की खलास. आधी सांगावं लागतं त्याला, की बाबा, बाहेर असं असं आहे."

ऑक्टोबरातल्या पहिल्या बऱ्या गुरुवारी, सुट्टीच्या आदल्या दिवशी, ज्याच्या त्याच्या कपाचं वाटप होई. माझ्या बाल्कनीतल्या त्यांच्या टोमॅटोला पहिल्या वर्षी लिंबाएवढी फळं आली. मी आईला फोनवरून त्यांचं वर्णन ऐकवलं.

मग २००८ सरता सरता सगळंच थांबलं. आमच्या खिडकीतून दिसणाऱ्या क्रेन महिनोन्‌महिने एकाच दिशेला तोंड करून उभ्या राहिल्या. आम्ही ज्यांची ड्रॉइंगं करत होतो ते टॉवर होणारच नाहीत, हे हळूहळू कळलं. माणसं कमी करायला सुरुवात झाली, आणि त्याची पद्धत बॉसच्या वरच्यांनी ठरवून दिली होती. कोणालाही आधी कळता कामा नये. सकाळी केबिनमध्ये बोलवायचं, पत्र द्यायचं, लॅपटॉप आणि कार्ड काढून घ्यायचं, आणि डाबरेकाकांनी सामानाचा खोका हातात घेऊन त्या माणसाला लिफ्टपर्यंत सोडायचं. कोण जाणार हे काकांना कितीतरी आधी माहीत असे. व्हिसा रद्द करायचे कागद तेच तयार करत. ते आमच्यात बसून डबा खात, आणि आम्ही त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसतं का ते शोधत राहत असू.

चेहऱ्यावर काही दिसेना, तेव्हा लोकांनी कप वाचायला सुरुवात केली.

२००९ च्या ऑगस्टमध्ये काकांनी नेहमीसारखे कप मांडले आणि ऑफिसात कुजबुज पसरली. ज्याला काढायचं आहे त्याच्या नावाचं रोप काका कशाला लावतील? ऑक्टोबरात तो असणारच नाही ना! शिकलेसवरलेले इंजिनिअर, कोणी पुण्याचे, कोणी केरळचे, पाणी प्यायच्या निमित्तानं कट्ट्याकडे जात आणि आपलं नाव बघून येत. मीही गेले. माझं नाव होतं. त्या दिवशी मी घरी जाताना नवऱ्यासाठी बिर्याणी घेऊन गेले, इतकी मी खुळी झाले होते.

महेश सावंतचंही नाव होतं. तो आमचा ड्राफ्ट्समन, डोंबिवलीचा. चार वर्षं एका बेडस्पेसवर, म्हणजे भाड्यानं घेतलेल्या एका खाटेवर काढलेली. बायको तिकडे शाळेत कायम शिक्षिका, मुलगी चार वर्षांची. त्यांना इकडे आणायचं त्याच्या कधीपासून मनात होतं, पण बायकोची पक्की नोकरी सोडायला लावण्याचं धाडस होत नव्हतं. एका दुपारी तो काकांच्या टेबलाशी आला. मी शेजारीच होते.

"काका, सॅलरी सर्टिफिकेट हवंय. फॅमिली व्हिसा टाकतोय. तिनं राजीनामा दिला की लगेच तिकिटं काढतो."

काका कागद लावत होते, ते लावतच राहिले. "एवढी घाई कशाला? ऑक्टोबर होऊ दे."

सावंत हसला. कट्ट्याकडे बोट करून म्हणाला, "माझा कप आहे ना तिथे? मग झालं तर! यल्ला, चला काका, शिक्का मारा."

मलाही हसू आलं. काकांनी ड्रॉवर उघडला, बंद केला, परत उघडला. मग शिक्का मारला.

सप्टेंबरच्या शेवटी सावंत बायकोला आणि मुलीला ऑफिस दाखवायला घेऊन आला. मुलीनं कपावरचं नाव अक्षर अक्षर लावून वाचलं आणि रोपाला बोट लावून म्हणाली, "हे झोपलंय का?" सावंतची बायको काकांच्या पाया पडायला वाकली. काका मागे सरले. ती म्हणाली, "तुमच्यामुळे हिंमत झाली यांची." काका "नको, नको" एवढंच म्हणत राहिले, आणि ते त्यांच्या विनयाचं लक्षण आहे असं आम्हाला सगळ्यांना वाटलं.

वाटपाच्या आदल्या आठवड्यात सावंतला केबिनमध्ये बोलावलं.

लिफ्टपर्यंत खोका काकांनीच नेला. लिफ्ट आली, सावंत आत गेला नाही. तो परत फिरला, कट्ट्यापाशी आला, आपला कप उचलला. मिरचीचं रोप चांगलं वीतभर झालं होतं. कप त्यानं काकांच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेला. महिन्याभरात तिघंही डोंबिवलीला परत गेली. बायकोच्या जागी शाळेनं दुसरी बाई घेतली होती.

त्या वर्षी वाटप झालं नाही. कप कट्ट्यावरच वाळले. सावंतची मिरची तेवढी टेबलावर राहिली. मी एकदा चिडून काकांना विचारलं, "जाणार हे माहीत असताना नाव लिहिलंतच कशाला?"

"सगळ्यांचीच लिहितो मी, बाय. कोणाचं गाळायचं? एक नाव गाळलं असतं तर त्याच दिवशी कळलं असतं त्याला." मग बराच वेळ त्यांनी मिरचीची पिकली पानं खुडली. "लोक त्यात काय बघतायत ते मला समजलं होतं. बरं वाटत होतं सगळ्यांना. म्हटलं, राहू दे. सावंतला एवढंच म्हणायचं होतं, तिकीट काढू नकोस. तेवढंच बोललो नाही. माझीही नोकरी होती ना."

मला त्यांचा राग आला होता आणि तो राग मी बरेच दिवस जपला, हे खरं आहे. पण त्यांच्या जागी आपण काय केलं असतं, हा प्रश्न मी त्या रागाच्या आसपास फिरकू दिला नाही.

पुढच्या वर्षी कपांवर नावं नव्हती. रोपं वर आली, आणि सप्टेंबरात काकांनी नवीन रीत सुरू केली. ट्रे खाली नेताना ते एखाद्याला सोबत घेत. "चल, रोपांना ऊन दाखवून येऊ." पहिल्यांदा नेलं ते एका फिलिपिनो मुलाला. दोन आठवड्यांनी त्याला पत्र मिळालं, पण तोवर त्यानं दुसरीकडे अर्ज टाकले होते, घरी कळवलं होतं. मग आणखी एकाला. मग एका मलयाळी बाईला, जी खालून डोळे पुसत आली आणि दुसऱ्या दिवशी मुलाची शाळा बदलायला गेली. काकांनी ट्रे उचलला की सगळा मजला मान खाली घालून काम करू लागे.

एके दिवशी ते माझ्या टेबलाशी थांबले. "चल बाय, रोपांना ऊन दाखवून येऊ."

लिफ्टमध्ये ट्रेची एक बाजू माझ्या हातात होती आणि कप एकमेकांवर खडखडत होते. खाली त्यांनी ट्रे सावलीला ठेवला. माझ्याकडे बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं.

"अगं, तुझं नाही. माझं. वरच्यांना कळलं, आधी कोण सांगतं ते. महिनाअखेर खलास." ते कपाळाचा घाम पुसत होते. "ट्रे तू बघ. रोज थोडा थोडा बाहेर. विसरू नकोस."

मी तिथे, उतरवलेल्या खोक्यांच्या मधे उभी राहून रडले. माझं नाही म्हणून सुटल्यासारखं झालं होतं, त्याची लाजही त्या रडण्यात होती.

वसईला गेल्यावर ते फोन करत. वाडीत आता भावाच्या मुलांनी रिसॉर्ट काढलं होतं, पण परसात दोन वाफे त्यांना मिळाले होते. एकदा म्हणाले, "डोंबिवलीला जाऊन आलो." सावंत घरी नव्हता. बायकोनं ओळखलं, बसवलं, चहा ठेवला. काकांनी मिरचीचं रोप नेलं होतं, ते पिशवीतच होतं.

"तिनं विचारलं, तुम्हाला माहीत होतं का? मी हो म्हटलं."

"मग?"

"मग काही नाही. माझ्यापुढचा कप उचलला आणि आत घेऊन गेली. बाहेर आलीच नाही. मी थोडा वेळ बसलो, मग दार ओढून घेऊन निघालो. बरोबर केलं तिनं."

दोन वर्षांनी ते गेले. रेजिनाकाकूंचा फोन आला तेव्हा ऑगस्टच चालू होता.

मी इथेच राहिले. नोकरी बदलली, आता माझ्या हाताखाली माणसं आहेत. तेलाचे भाव पडले त्या वर्षी मला केबिनमध्ये बोलावून एक नाव सांगितलं गेलं, आणि आधी कोणाला कळता कामा नये असंही. नाव तन्वीचं होतं, माझ्या टीममधली सगळ्यात धाकटी. मी बाहेर आले तेव्हा ती खुशीत होती. पुण्याचं घर भाड्यानं देऊन तिची आई कायमची इकडे येणार होती.

जुलैचा महिना होता. माझ्या हातात ट्रे नव्हता, कप नव्हते. काही निमित्तच नव्हतं.

"चल," मी म्हटलं, "जरा खाली जाऊन येऊ."

"मॅडम, आत्ता? इतक्या उन्हात?"

"पाचच मिनिटं."

या नव्या टॉवरच्या मागेही सावली होती, तिच्या कडेला आम्ही उभ्या राहिलो. गरम वाऱ्यानं तिनं डोळे बारीक केले आणि हसत म्हणाली, "आईचं तिकीट आज रात्री काढतेय."

"तन्वी," मी म्हटलं, "तिकीट काढू नकोस."