पहिला धक्का

"आधी आला त्याचा दोर आधी." मुकादम हे येता-जाता म्हणायचा. त्याची बायको त्यावर म्हणायची, "मग आज ताटावर मी आधी बसते. तुम्ही थांबलेल्या बोटीसारखे उभे राहा खाडीच्या तोंडाशी."

बंदरात जहाजाचे दोर झेलून खुंट्याला बांधणारी जी टोळी असते, तिचा तो मुकादम. रुंद, बुटका, बोलण्यात तुटक. एकदा पाय रोवला की हलायचा नाही. पण हे एवढं साधं वाक्य त्याला तिथं कधी खरं करता आलं नव्हतं.

पहिला धक्का सगळ्यांत खोल आणि वाऱ्यापासून आडोशाला. तो निळ्या झेंड्याच्या जहाजांसाठी राखलेला असे, मग जहाज असो वा नसो. समुद्राचे कायदे त्या देशानेच लिहिलेले होते आणि बाकीचं जग ते आजोबांच्या काळापासून मुकाट पाळत होतं. मुकादमाच्या धाकट्या भावाची मासळीची बोट बाहेर लाटांवर डोलत राही. ती काठाला लागेपर्यंत मासळीला मांजरही तोंड लावत नसे.

मग पिवळ्या झेंड्याचा देश वर आला. त्याची जहाजं आधी एकटीदुकटी दिसली, पुढे थव्याने. एका सकाळी त्यांच्या कप्तानाने थेट पहिल्या धक्क्याला नाक लावलं आणि भोंग्यातून विचारलं, "सगळ्या जगाचे नियम एकाच घराने का लिहायचे? आज आधी आम्ही आलोय."

मुकादमाच्या अंगावर काटा आला. अधिकारी वरून ओरडत राहिले, तोवर त्याने दोर झेलून खुंट्यात अडकवलासुद्धा.

निळ्यांनी निषेध केला, दूर पाण्यावर दोन लढाऊ जहाजं आणून उभी केली. इकडे बंदराच्या अधिकाऱ्यांनी मुकादमाला कामावरून काढून घरी बसवलं. ते दिवसही त्याने छाती पुढे काढून काढले.

"बघच तू," तो भावाला म्हणाला, "आता रांग सगळ्यांना सारखी."

"दादा, ते जागेसाठी भांडतायत. तू कशाला नाचतोस?"

"तुला मासळीपलीकडे कधी काही दिसलंय का?"

बोलणी झाली, निळे मागे सरले. इथल्या सरकारने अख्खं बंदरच पिवळ्यांना चालवायला दिलं. नव्या साहेबाने मुकादमाला मानाने परत बोलावलं, खांद्यावर हात ठेवून फोटो काढला. आणि त्याच आठवड्यात पहिल्या धक्क्यावर पिवळी रेघ ओढली. आत फक्त त्यांची जहाजं.

"नवीन आहेत, जरा घडी बसू दे," मुकादम घरी म्हणाला. बायकोने त्याच्यापुढे ताट सरकवलं. तो रोज तो रिकामा धक्का राखत राहिला, भावाची बोट बाहेर डोलत राहिली. भावाने त्याच्या घरी येणं सोडलं.

एका दुपारी तीच बोट इंजिन बंद पडून, तळातून पाणी घेत, कशीबशी वाहत आत आली. बाकीचे धक्के भरलेले होते. पहिला रिकामा होता.

"दादा, दोर घे!" भाऊ किंचाळला. "बुडतोय मी!"

मुकादमाने दोर घेतला, पिवळ्या रेघेच्या आत बांधला. भावाला हात धरून वर ओढलं.

साहेब सावकाश चालत आला. आवाज मुळीच चढवला नाही. "सोडा तिला. इथे बुडाली तर धक्का अडेल. आमचं जहाज संध्याकाळी येतंय."

"साहेब, ही आधी आलीय. तुमचेच लोक म्हणाले होते..."

"ते आम्ही निळ्यांना म्हणालो होतो," साहेब म्हणाला. "तुम्हाला नाही."

मुकादम खुंट्यापुढे उभा राहिला. साहेबाने टोळीकडे नुसतं पाहिलं. दोर कसा सोडायचा हे त्यांना मुकादमानेच शिकवलं होतं. दोघांनी त्याला हलकेच बाजूला धरलं. एक जण पुटपुटला, "मुकादम, घरी खाणारी तोंडं आहेत हो." तिसऱ्याने गाठ सोडली.

बोट ओहोटीबरोबर सरकली, खाडीच्या मध्यावर कलली आणि पाण्याखाली गेली. मासळीच्या रिकाम्या टोपल्या तेवढ्या वर तरंगत राहिल्या.

मुकादमाने हातमोजे काढून साहेबाच्या पायाशी टाकले. भावाकडे बघायची त्याला छाती झाली नाही. फाटकाकडे तो नेहमीच्याच जड चालीने निघाला.

टोळी खाली मान घालून उभी होती. साहेब घड्याळ बघत होता. भाऊ तेवढा, अंगातून पाणी गळत, धक्क्यावर बसून दूर जाणाऱ्या दादाच्या पाठीकडे बघत राहिला.