‘कशावरून?’ विचारणारी

कुणी काही ठामपणे सांगितलं की ती चष्मा कपाळावर सरकवायची आणि विचारायची, "कशावरून?" दूधवाला म्हणाला, दूध ताजं हाय. कशावरून? तिला स्थळ आलं, तिची आई म्हणाली, पोरगा निर्व्यसनी हाय. कशावरून? तो पोरगा पुन्हा कळमनुरीत दिसला नाही बघा.

ती माझ्या शेजारची. पुण्याच्या कंपनीचं काम घरी बसून करायची. कॉम्प्युटर आणि हार्ड डिस्क यांच्यात निरोप्याचं काम करणारा प्रोग्राम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तसले ती लिहायची. माझा लग्नाच्या फोटोंचा स्टुडिओ. दुपारचा चहा तिचा माझ्याकडेच.

एकदा गोरेगावचं लग्न आटोपून आले. कॅमेऱ्याच्या कार्डातलं शूटिंग नव्या डिस्कवर उतरवलं. स्क्रीनवर आलं, ‘कॉपी पूर्ण’. दुसऱ्या दिवशी दुसरं लग्न, म्हणून कार्ड पुसायला घेतलं.

"थांब आक्का! पूर्ण झालं, कशावरून?"

"अगं माय, समोर लिहून आलं की!"

तिनं डिस्कवरच्या फायली उघडल्या. वरात होती, पुढं नुसता काळोख. नवरीला निरोप देताना तिचा बाप ढसाढसा रडला होता. जन्मात कुणापुढं डोळे न पुसलेला माणूस! ते आता फक्त कार्डात, आणि कार्ड माझ्या हातून पुसलंच जाणार होतं.

पुन्हा कॉपी. पुन्हा ‘पूर्ण’. पुन्हा काळोख. मग या बाईनं काय करावं? कॉपी चालू असताना डिस्कची वायरच उपटली. तरी कॉम्प्युटर म्हणतो, ‘कॉपी पूर्ण’!

ती खुर्चीतून खाली येईस्तोवर हसली. "आक्का, डिस्क बोंबलून राहिली, मला लिहिता येईना! अन् ड्रायव्हर वर जाऊन सांगून राहिला, झालं! आपल्या पाहुण्यावानी हाय हा. पोटात कावळे ओरडून राहिले तरी म्हणतो, जेवूनच आलो!"

त्या ड्रायव्हरचा कोड कुणालाही बघता-बदलता येणारा होता, तिनं तो उघडला. खालून एरर आली तरी वर ‘ठीक’ म्हणूनच कळवायचं, अशी ओळ कुण्या भल्या माणसानं लिहून ठेवली होती. तिनं ती बदलली, वायर पुन्हा जोडली आणि कॉपी लावली. स्क्रीनवर लालभडक पट्टी आली, ‘एरर’!

"आली! आली!" आम्ही दोघींनी तिथंच फुगडी घातली. तिची आई धावत आली.

"काय आलं गं?"

"एरर, काकू!"

"मंग नाचून काहून राहिल्या, बयांनो?"

तरी त्यांनी शिरा केला. नवी डिस्कच खराब निघाली होती. जुन्या डिस्कवर सगळं नीट उतरलं. शिरा खात खात आम्ही त्या बापाचं रडणं शेवटपर्यंत पाहिलं, आणि आम्हीही रडून घेतलं.

गेल्या महिन्यात कंपनीनं तिला पुण्याला बोलावून घेतलं. काल तिचा मेसेज आला, ‘सगळं बराबर हाय आक्का. मजेत हाय.’

मला चष्मा नाही, तरी हात कपाळाकडे गेला. मी लिहिलं, ‘कशावरून?’

उत्तर आलं, ‘न्हाई गं. करमून न्हाई राहिलं.’

मी कुंपणावरून हाक मारली, "काकू, शिरा करा. मी पुण्याला निघाले."