अंगठ्यापुरती जागा

बूटवाल्या काकांचा आपल्या हातावर भारी विश्वास. पाय कसलाही असो, बूट नीट बसला की दुखणं पळालंच पाहिजे, हे त्यांचं ठाम मत. दुकानात भिंतभर गिऱ्हाइकांच्या पायांचे लाकडी फर्मे, म्हणजे साचे, टांगलेले. कुणाचं हाड वाढलं, कुणाला कुरूप झालं, की काका फर्म्यावर नेमक्या त्या जागी चामड्याची चकती ठोकायचे. त्यावर बेतलेला बूट तिथे तेवढा सैल व्हायचा. गिऱ्हाईक खूश, काका त्याहून खूश.

मग स्वतःच्याच पायाचा अंगठा सुजून लालबुंद झाला, तेव्हा या माणसाने काय केलं असेल? डॉक्टर? छे, नाव नको. स्वतःचा फर्मा उतरवला आणि ठोकली चकती. दोन-चार दिवसांत सूज आपोआप ओसरली आणि काकांची कॉलर ताठ झाली. पुढच्या वेळी चकतीवर दुसरी चकती.

"अहो, साधी चादर लागली तरी कळवळता तुम्ही," बायको म्हणाली. "इथे बूट काय करणार?"

"बूटच चावतोय गं. तुला काय कळतंय त्यातलं?"

काकूंनी वाद घातला नाही. दुकानाला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "रक्त तपासून या, मग मागा." काका मुकाट्याने गेले. नाहीतर जातील कुठे!

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, बीपी मोजलं. "युरिक ॲसिड बरंच वाढलंय. ते सांध्यात साचतं, म्हणून अंगठा ठणकतो. त्यावर औषध आहे. पण असं असलं की हृदयविकाराचा धोकाही जास्त दिसतो. सगळा दोष त्याचाच असं नाही, पण तुमचं बीपीही वाढलंय, तेव्हा हृदय तपासून घेऊ. घरात कुणाला हृदयाचा त्रास होता?"

"थोरल्या भावाला. झोपेतच गेला."

"त्यांचा अंगठा सुजायचा?"

काका नाही म्हणणार होते, तेवढ्यात त्यांना भिंतीवरचा दादाचा फर्मा आठवला.

दुकान उघडून त्यांनी आधी दादाचा फर्मा उतरवला. अंगठ्यावर चकत्यांचा थर. सगळ्या त्यांनीच हौसेने ठोकलेल्या. दादा लंगडत यायचा तेव्हा ते त्याची नक्कल करून त्याला हसवायचे. डॉक्टरकडे जा, असं एकदाही म्हणाले नव्हते. काका स्टुलावर बसले आणि ढसाढसा रडले.

"तुम्हाला काय ठाऊक होतं?" काकू पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "आणि तपासलं असतं तर भावजी राहिलेच असते, असं कोण सांगणार?"

काकांचं लक्ष टेबलाकडे गेलं. तिथे दादाच्या मुलाचा फर्मा होता. अंगठ्यावर नवी कोरी चकती, परवाच ठोकलेली. शेजारी त्याचा बूट, जवळजवळ तयार.

त्यांनी लगेच फोन लावला.

"काका, झाला का बूट?" पुतण्याने विचारलं.

"झालाय. पण रक्ताचा रिपोर्ट दाखवल्याशिवाय मिळायचा नाही."

पुतण्या हसला, अगदी दादासारखा. "अहो काका, बुटाचा आणि रक्ताचा काय संबंध?"

काकांनी दादाचा फर्मा मांडीवर घेतला.

"दुकानात ये," ते म्हणाले. "दाखवतो."